हिंमतनानांची एकच पंगत

अमळनेरच्या या कॉलनीत मी राहायला आलो, त्या दिवशी सामानाचा टेम्पो फाटकाशी उभा होता. हमाल कपाट घेऊन दारात अडकले होते. बायको आतून आणि मी बाहेरून त्यांना एकाच वेळी उलटसुलट सूचना देत होतो. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "दारात उभं राहू नका! आत सरका, आत सरका! आत भरपूर जागा आहे!" त्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, हमाल कपाटासकट आत सरकले. मीही सरकलो. बायको तर सरकत सरकत मागच्या दाराने थेट परसात पोचली. दाराच्या चौकटीचं चांगलं दोन बोटं रुंद सालपट निघालं, पण कपाट आत गेलं.

आवाज हिंमतनानांचा होता. एसटीत कंडक्टर. धुळे, शिरपूर, शिंदखेडा या रस्त्यांवर त्यांचा जन्म गेला. रिटायर झाल्यावर खाकी शर्ट डेपोत जमा झाला, पण आवाज जमा करायचा राहून गेला. सडपातळ बांधा, पाय थोडे फाकवून उभं राहायची सवय. घरात जमीन हलत नसतानाही ते एक हात वर करून कशाला तरी धरून बोलत. आमच्याकडे आले की दाराची वरची कडी धरत. कडी सैल झाली ती त्यांच्यामुळेच, असं बायकोचं म्हणणं आहे आणि ते खोटं नाही.

नानांच्या लेखी जगातले सगळे व्यवहार घंटीवर चालत. एक टिंग म्हणजे थांबा, दोन टिंग म्हणजे चला. चहा पुरे झाला की ते कपावर चमचा एकदा वाजवत. निघायची वेळ झाली की दोनदा. एकदा कॉलनीत कुणाच्या तरी शोकसभेला एक निवृत्त साहेब बोलायला उभे राहिले. गेलेल्या माणसाबद्दल दोन वाक्यं बोलून ते स्वतःच्या नोकरीकडे वळले आणि बदल्यांची सगळी गावं घेत घेत चालले. सगळे माना खाली घालून बसलेले. नानांनी खिशातून किल्ली काढली आणि खुर्चीच्या दांड्यावर एकदाच टिंग केलं. साहेब वाक्याच्या मध्येच खाली बसले. गेलेल्या माणसाच्या मुलालाही हसू आवरेना, तेव्हा सगळ्यांनाच जरा मोकळं वाटलं.

कॉलनी झाली तेव्हा सगळे प्लॉट सारखे होते. घरंही सारखी, कारण गवंडी एकच होता आणि त्याला एकच घर बांधता येत होतं. खिडकीची जाळी सारखी, पायऱ्या सारख्या, न्हाणीचं दार बाहेरून उघडायचं तेही सारखं. एकदा नानांचे शिंदखेड्याचे व्याही आमच्या घरात येऊन बसले. पाणी झालं, चहा झाला, पोहेही झाले, आणि मग त्यांनी मला विचारलं, "हिंमतराव कवळ येतीन?" म्हणजे कधी येतील. आम्हाला वाटलं होतं ते माझ्या बायकोकडचे कुणीतरी असावेत. तिला वाटत होतं माझ्याकडचे.

आता अशी चूक होणार नाही. आता आंधळ्यालाही कळेल कोणाचं घर कोणतं. हे नेमकं कधी झालं, ते आम्हाला कुणालाच सांगता येत नाही. रात्री झोपावं आणि सकाळी समोर एक मजला चढलेला असावा, तसं झालं. तेलाचा कारखाना बंद पडला आणि त्यातल्या फिटरचं घर आहे तिथेच थांबलं. ते शोभाताईंचं. त्यांचे यजमान फिटरदादा मग एका गोदामात रोजाने जायचे, पुढे ते वारले, आणि शोभाताई लोकांकडे स्वयंपाकाला जाऊ लागल्या. रशीदभाई गाद्या भरायचे. फोमच्या गाद्या आल्या आणि त्यांचं कापूस पिंजायचं यंत्र ओट्यावर ताडपत्री पांघरून बसलं. माझी मास्तरकीची पेन्शन, ती महागाई वाढली की आपोआप वाढते. नानांचीही पेन्शन होती, पण ती इतकी बारकी की बँकेतली मुलगी दर वेळी त्यांना म्हणायची, "बाबा, सगळे काढायचे?" आम्ही दोघं एकाच रांगेत पुढेमागे उभे असायचो. नाना म्हणायचे, "मास्तर, रांग एकच शे, गाड्या मातर येगळ्या. तुमनी एसी, मनी लाल."

आणि प्रकाश. हा कॉलनीतला वयाने सगळ्यात लहान प्लॉटधारक. झेरॉक्सचं दुकान चालवायचा, शोभाताईंना वहिनी म्हणायचा आणि त्यांच्याकडून वाटीवाटीने साखर न्यायचा. त्याच्या वडिलांची गावाबाहेर एक खडकाळ पट्टी होती. तिच्यात कधी काही उगवलं नाही. मग धुळ्याकडचा रस्ता रुंद झाला आणि त्या पट्टीत एकदम प्लॉट उगवले. प्रकाशचा प्रकाशशेठ झाला. घरावर दोन मजले, दारात दोन गाड्या, आणि स्वयंपाकाला शोभाताई. त्यांना तो आता शोभाबाई म्हणू लागला आणि त्या त्याला शेठ. कुणी ठरवून केलं नव्हतं, तोंडं आपोआप वळली.

मी एकदा नानांजवळ प्रकाशबद्दल जरा वाकडं बोललो. नानांनी मला तिथेच थांबवलं. "पोऱ्या वाईट नही शे, मास्तर. रस्ता त्याना दारवरथीन गया, शोभाना दारवरथीन नही गया. इतलंच."

नानांना स्वतःला कशाचा लोभ नव्हता. त्यांचा जीव अडकला होता तो एकाच गोष्टीत, आणि ती म्हणजे कॉलनीचं भरीत. हिवाळ्यात बाजारात पांढरट हिरवी मोठी वांगी आली की रिकाम्या प्लॉटवर काड्यांचा जाळ करून ती भाजायची, लाकडी मुसळीने ठेचायची, मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात घालून तेलाची खमंग फोडणी द्यायची. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. वर्षातून एकदा सगळी घरं एका पंगतीत. भाजायला फिटरदादा असत, ठेचायला रशीदभाई, आणि बसवायला अर्थातच नाना. नियम एकच. जो जसा येईल तसा शेवटच्या माणसाशेजारी बसेल. "आपलं माणूस येतंय, जागा धरली आहे" असं म्हणत कुणी रुमाल ठेवला की नाना तो रुमाल उचलून त्याला नाक पुसायला देत. त्यामुळे तहसील कचेरीतले भाऊसाहेब रशीदभाईंशेजारी, डॉक्टर शोभाताईंशेजारी, आणि मी बहुधा अशा माणसाशेजारी, ज्याच्याशी माझं नळाच्या पाण्यावरून नुकतंच भांडण झालेलं असे. वांग्याचा घास घेतला की भांडण फार वेळ टिकत नाही, हा माझा अनुभव आहे.

मग पंगत आखडायला लागली. सगळ्यांची वर्गणी सारखी होती, तीच काहींना जड व्हायला लागली. पण जड होते असं म्हणणार कोण? त्या दिवशी कुणाला ताप यायचा, कुणाला पाचोऱ्याला लग्न निघायचं. शोभाताई दोन हिवाळे आल्या नाहीत. नानांनी विचारलं तर म्हणाल्या, "वांगं सोसत नही मले." खानदेशातल्या बाईला वांगं सोसत नाही, हे ऐकून नाना तसेच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते योजना घेऊन आले. एसटीसारखी सवलत. ज्याची कमाई बरी त्याचं फुल तिकीट, ज्याची कमी त्याचं हाफ, ज्याला काहीच जमत नाही त्याला पास. कुणी कुणाला काही विचारायचं नाही, ज्याने त्याने आपलं तिकीट आपण सांगायचं. मला योजना आवडली. मी नानांबरोबर दारोदार गेलो, आणि त्या एका संध्याकाळी माणसाबद्दल जे शिकलो ते अख्ख्या नोकरीत शिकलो नव्हतो.

पहिल्या दोन घरांतून पुरुष आतच बसले आणि बायका पैसे घेऊन बाहेर आल्या. एसटीत बाईला हाफ असतं, म्हणून. नाना म्हणाले, "आठे बाईमाणूस नही, आठे कमाई." डॉक्टरांनी हाफ सांगितलं. दवाखान्याचं मशीन कर्जावर आहे म्हणाले. भाऊसाहेबांनी हाफ सांगितलं. मुलीच्या पुण्यातल्या कॉलेजची फी ऐकवली आणि ती ऐकून आम्हालाच गलबलून आलं. प्रकाशशेठ बाहेर आला. हातात दोन फोन, दोन्ही चालू. "नाना, दिसायला दिसतं हो. सगळे हप्ते आहेत. गाडी हप्त्यावर, मजला हप्त्यावर. खरं सांगू, माझं स्वतःचं काहीच नाही. हाफ लिहा." मागच्या संगमरवरी भिंतीवर तेवढ्यात कसलासा दिवा आपोआप लागला. माझी स्वतःची गोष्ट सांगायची तर मी मुकाट फुल दिलं, कारण बँकेच्या रांगेत नाना माझ्या मागेच उभे असायचे आणि त्यांची नजर चांगली होती.

रशीदभाईंच्या दाराशी नाना जरा दबकत म्हणाले, "रशीदभाई, पास." रशीदभाई ताडकन उठले. "किसका पास? नाना, भीक मागतो का मी? फुल काटो मेरा." शोभाताई तर पुढे. त्यांनी आतून डबा आणला, त्यातून चुरगळलेल्या नोटा काढून नीट केल्या आणि नानांच्या हातावर ठेवल्या. "फुल शे. गनी ल्या." नाना म्हणाले, "अव शोभा, हाफ चालस." त्या म्हणाल्या, "मना घरना माणूस तुमनं वांगं भाजे. त्यानी बायको हाफवर येई का?"

म्हणजे खानदेशातली सगळ्यात गरीब कॉलनी आमचीच असावी, आणि तिच्यात खाऊनपिऊन सुखी असतील तर माझ्याशिवाय दोनच घरं, एक पिंजाऱ्याचं आणि एक स्वयंपाकीणबाईचं! परत येताना मी हसत होतो. नाना हसत नव्हते. पण शोभाताई येणार होत्या, एवढ्यावर ते खूश होते. घरी पोचेपर्यंत तीनदा म्हणाले, "शोभा यी रायनी, मास्तर."

त्यावरच प्रकाशशेठने घाव घातला. आणि तोही चांगुलपणाने, म्हणजे त्याच्यावर धड चिडताही येईना. हाफ सांगितल्याचं त्याला मागाहून लागलं असावं. त्याने निरोप धाडला की यंदाचं भरीत माझ्या फार्महाऊसवर, बोरी नदीकाठी, सगळा खर्च माझा. सगळ्यांची वर्गणी परत करा. शिवाय आपली दोनचार साहेबमंडळीही येतील, आमदारही येतो म्हणाले आहेत. कॉलनीत आनंदीआनंद झाला. ज्यांनी हाफ दिलं होतं ते सगळ्यात आधी परत न्यायला आले.

शोभाताईंची वर्गणी परत द्यायला नाना स्वतः गेले. त्या म्हणाल्या, "माहीत शे. शेठनी सांगं. त्या रोजले मले भाकरीना कामले बलायेल शे. रोज देतीन." नानांनी नोटा त्यांच्यापुढे ठेवल्या आणि ते बाहेर आले. फुल तिकीट काढलेल्या बाईचं तिकीट परत घेऊन तिला कामाला लावलं होतं. यात कुणी कुणाचा अपमान केला, हे बोट दाखवून सांगता येत नव्हतं, आणि म्हणूनच नानांना त्या रात्री जेवण गेलं नाही. "मास्तर, शोभा पंगतमा बठनार शे," ते मला म्हणाले. "आमदार येवो नाही तर आणखी कोणी येवो. मी बसाडसू."

फार्महाऊसवर मांडवाखाली टेबलं, खुर्च्यांना पांढरे झगे, प्रत्येकापुढे पाण्याची सीलबंद बाटली. ही साहेबांची सोय. पलीकडे लिंबाखाली सतरंज्या. ही आमची. त्याच्याही पलीकडे तीन चुली आणि मधल्या चुलीपाशी शोभाताई, भाकऱ्या थापत. भाजणारे भाड्याने आणले होते आणि वांगी जाळत होते. रशीदभाई ते पाहून हळहळत होते.

साहेबमंडळी टेबलाला बसली. मधली एक खुर्ची रिकामी, आमदारांसाठी. नाना मांडवात शिरले. वरचा बांबू एका हाताने धरला, पाय फाकवले, आणि आवाज काढला, "चला, पुढे सरका! पुढे सरका! उभं राहू नका!"

उभं कुणीच नव्हतं. तरी एक जाडजूड इंजिनियरसाहेब खुर्चीसकट सरकले. ते सरकले म्हणून शेजारचे सरकले. बघता बघता अख्खं टेबल डावीकडे सरकलं आणि टोकाचे गृहस्थ मांडवाबाहेर उन्हात गेले. प्रत्येकाने कधी ना कधी लाल गाडीत उभ्याने प्रवास केला होता, त्या आवाजापुढे पदवी आणि पगार चालत नव्हते. नाना चुलीशी गेले आणि शोभाताईंना म्हणाले, "ऊठ. एसटीमा आमदारनी एक सीट ऱ्हास. मनी नोकरीमा तिच्यावर आमदार कधी बठना नही. मी कायम लेकुरवाळी बाई बसाडी. चाल, ती खुर्ची खाली शे."

प्रकाशशेठ धावत आला. "नाना, हात जोडतो, माझा कार्यक्रम आहे!"

"कार्यक्रम तुना शे, भाऊ. पंगत मनी शे."

आता शोभाताई उठतील, असं मला वाटलं. त्या उठल्या नाहीत. तव्यावरची भाकरी उलटून त्यांनी नानांकडे पाहिलं, आणि नानांना आयुष्यात कुणी बोललं नसेल असं बोलल्या. "नाना, तुमले कोणी सांगं? मी आठे कामवर शे. मी तठे बठनू तर मना रोज कोण देई? तुमनी पंगत व्हई जाई, मना दिवस बुडी. सरका तिकडे, धूर लागी रायना तुमले."

पुढे सरका म्हणणाऱ्या माणसाला कुणी तरी सरका म्हटलं होतं. नाना सरकले. लिंबाखाली जाऊन बुंध्याला टेकून उभे राहिले. पंगत बसली, उठली. त्यांनी पान घेतलं नाही. आमदार आले नाहीत. साहेबमंडळी बडीशेप चघळत गाड्यांत बसून गेली, प्रकाशची बायकोमुलंही कुणाच्या तरी गाडीतून पुढे गेली. वाढपी भांडी गोळा करू लागले. मला नानांकडे बघवत नव्हतं.

प्रकाश दमून चुलीकडे आला. "शोभाबाई, तुम्ही पण घ्या जेवून आता. इथेच चुलीजवळ घ्या."

शोभाताईंनी तवा उतरवला. हात धुतले, तोंड धुतलं, कमरेचा पदर सोडून खांद्यावर नीट घेतला. "शेठ, मना रोज?"

"उद्या घरी देतो की."

"आते द्या."

प्रकाशने खिशातून काढून दिले. त्यांनी ते कनवटीला लावले. मग मान वर करून म्हणाल्या, "काम सरनं. आते मी शेजारीण शे. परकाश, कोठे बठू सांग."

बऱ्याच वर्षांनी त्याला त्याच्या घराबाहेर कुणी परकाश म्हटलं होतं. तो टेबलांकडे पाहू लागला, तर ती दुमडून टेम्पोत चढत होती. चुलीकडे पाहिलं. मग आमच्याकडे पाहिलं. नानांनी तोंड उघडलं होतं. मी त्यांची बाही ओढली आणि देवाची शपथ, ते बोलले नाहीत.

"इथे बसा, वहिनी," प्रकाश म्हणाला आणि सतरंजी झटकून त्याने स्वतः अंथरली. वाढपी भांड्यांत गुंतले होते. त्याने पातेलं उचललं, तळाचं भरीत खरवडून त्यांच्या पानात वाढलं. कपाळावर घाम, सदऱ्यावर तेलाचा ओघळ. शोभाताईंशेजारी रशीदभाई बसले, त्यांच्याशेजारी नाना. माझं एकदा झालेलं होतं, तरी मी बसलो. वाढपी बसले, ड्रायव्हर बसले, आणि शेवटी प्रकाशही टोकाला येऊन टेकला. भरीत करपलेलं होतं. शोभाताईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "मना माणूस ऱ्हाता तर असं जळतं नही." आणि डोळे पुसले. नाना खाली मान घालून जेवत राहिले.

पुढे उन्हाळ्यात नाना मुलाकडे शिंदखेड्याला गेले आणि तिकडेच वारले. कॉलनीत फार काही बदललं नाही. शोभाताई त्या भरितानंतरच्या सोमवारपासूनच परत प्रकाशच्या स्वयंपाकाला जाऊ लागल्या आणि त्याला शेठ म्हणू लागल्या. पण नाना म्हटलं की मला त्या दिवशीचा परतीचा टेम्पो आठवतो. आम्ही सगळे मागच्या हौद्यात खाली बसलो होतो, पातेल्यांना पाठ लावून. उन्हं उतरली होती. नाना एकटेच उभे होते, वरचा दांडा धरून.

"नाना, बसा की आता," मी म्हटलं.

"बठ्ठा बठनात का?"

"सगळे बसले."

"परकाश?"

"तो मागून येतोय, त्याच्या गाडीने."

नानांनी वाकून मागे पाहिलं. आमच्या टेम्पोच्या धुळीत ती लांबलचक पांढरी गाडी काचा वर करून येत होती. "कोण कोण शे त्यामा?"

"तो एकटाच."

"एकलाच?" नाना गाडीकडे बराच वेळ बघत राहिले. "इतली मोठी गाडी. बिचारा," ते म्हणाले आणि शोभाताईंच्या शेजारी खाली बसले.